पासिंग फक्त दुसऱ्याच्या गाडीचं

महाराष्ट्रात गाड्यांच्या पासिंगवरून, म्हणजे फिटनेस तपासणीवरून, आणि ती यंत्रांच्या खासगी केंद्रांकडे देण्यावरून जो गदारोळ चालू आहे, त्याच्या बातम्या इथे इंग्लंडात कॉव्हेंट्रीत बसून वाचताना एक गोष्ट सारखी खटकते. रिक्षावाले म्हणतात, शुल्क परवडत नाही. ट्रकवाले म्हणतात, तपासणी केंद्र लांब आहे, दिवस मोडतो. आरटीओतले म्हणतात, आमचं काम खासगी कंपन्यांच्या घशात का घालता? आणि मोटारीतून फिरणारा मध्यमवर्ग काचा वर करून म्हणतो, आधी हे खटारे रस्त्यावरून हटवा. त्या काचेआडची मोटार कोण तपासतं, हे मात्र कुणीच विचारत नाही. पहिली १५ वर्षं ती कुणीही तपासत नाही.

आपला कायदा असा आहे. प्रवासी किंवा माल वाहणारी गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंगला न्यायची, त्यानंतर दर वर्षी. खासगी मोटार आणि दुचाकी यांची नोंदणी एकदा झाली की १५ वर्षं निवांत. मधल्या काळात लागते ती फक्त पीयूसी. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या व्हॅनमध्ये ती कशी मिळते, हे मराठी वाचकाला मी परदेशातून सांगायची गरज नाही.

आता बदल होतोय तो पासिंगच्या पद्धतीत. केंद्र सरकारने २०२१ मध्ये स्वयंचलित चाचणी केंद्रांचे, म्हणजे एटीएसचे नियम आणले. निरीक्षकाने गाडीभोवती फेरी मारून सही करायची, त्याऐवजी यंत्राने ब्रेक, धूर, हेडलाइट, सस्पेन्शन मोजायचं आणि निकाल थेट संगणकात जायचा. आधी अवजड गाड्या, मग बाकीच्या, असा क्रम ठरला. केंद्रं वेळेत उभी राहिली नाहीत म्हणून मुदती पुढे ढकलल्या गेल्या. दुसरीकडे शुल्क वाढत गेलं. नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेनंतर २० वर्षांवरच्या अवजड ट्रक-बसच्या तपासणीचं शुल्क २५ हजार रुपयांवर गेलं. पासिंगची मुदत संपल्यावर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, या नियमावरून २०२४ मध्ये रिक्षा-टॅक्सी संघटना रस्त्यावर उतरल्या आणि राज्य सरकारला वसुली थांबवावी लागली. एवढ्या भांडणात गाडी खरोखर सुरक्षित आहे का, हा विषय कधी बाजूला पडला ते कुणालाच कळलं नाही.

इथे या तपासणीला एमओटी म्हणतात. ही अक्षरं ज्या वाहतूक मंत्रालयावरून आली, ते खातं त्या नावाने आता उरलेलंही नाही. तपासणी १९६० मध्ये सुरू झाली तेव्हा फक्त १० वर्षांवरच्या गाड्यांसाठी होती आणि ब्रेक, दिवे, स्टिअरिंग एवढंच बघायचे. इतक्या गाड्या नापास झाल्या की सरकार हबकलं. १९६१ मध्ये मर्यादा सात वर्षांवर आणली, १९६७ मध्ये तीन वर्षांवर. आजही तेच आहे: गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी एमओटी. खासगी मोटार असो वा मोटरसायकल, सुटका नाही; टॅक्सीला तर एका वर्षानंतरच लागते. एमओटी नसेल तर रोड टॅक्स भरता येत नाही, आणि रस्त्यावरचे कॅमेरे नंबर प्लेट वाचून कागद संपलेली गाडी ओळखतात. दंड १,००० पौंडांपर्यंत. गाडी धोकादायक ठरलेली असताना चालवली तर त्याहून जास्त.

तपासणी करतं कोण? सरकारी निरीक्षक नव्हे. कोपऱ्यावरचं गॅरेज! वीस हजारांहून अधिक गॅरेजांना तो परवाना आहे. आमच्या इथला तपासनीस गाडी लिफ्टवर चढवतो, खाली टॉर्च घेऊन शिरतो आणि लोखंडी दांड्याने सस्पेन्शनचे बुश हलवून बघतो. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर नापास. वायपरचं पाणी संपलेलं असलं तरी नापास. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. पण थंडीत मोटारवेवर पुढच्या ट्रकने मिठाचा चिखल काचेवर उडवला की त्या पाण्याची किंमत कळते. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून इथे रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे गाडीचा खालचा पत्रा गंजतो. तपासनिसाचा बराच वेळ त्या गंजावर जातो. आपल्याकडे हा प्रश्न जवळपास नाही. आपल्याकडे आहे तो जादा माल, घाट, धूळ आणि चाळिशीतला उन्हाळा. त्यामुळे ‘इथली यादी उचला आणि तिथे लावा’ असलं काही मी सुचवत नाहीये.

पहिल्या फेरीत इथे चारांत एकीहून थोड्या जास्त गाड्या नापास होतात. चांगल्या रस्त्यांच्या आणि दर वर्षी सर्व्हिसिंग करणाऱ्या लोकांच्या देशात! माझा थोरला भाऊ फोनवर म्हणाला, “अरे, मी दर वर्षी कंपनीत सर्व्हिसिंग करतो की. वेगळी तपासणी कशाला?” मी म्हटलं, “दादा, वॉरंटी संपल्यावर तू कंपनीत गेलास का कधी?” त्यावर विषय पावसाकडे वळला. सर्व्हिसिंगवाला आपला माणूस असतो. ‘पुढच्या वेळी बघू’ असं आपण म्हटलं की तोही बरं म्हणतो. तपासनीस बरं म्हणू शकत नाही, कारण निकाल तिथल्या तिथे सरकारी नोंदीत चढतो.

माझ्या मते इथली खरी मेख यंत्रात नाही, या नोंदीत आहे. इंग्लंडातल्या कुठल्याही गाडीचा नंबर सरकारी संकेतस्थळावर टाका. ती गाडी कोणत्या वर्षी पास झाली, कधी आणि कशामुळे नापास झाली, प्रत्येक तपासणीला मीटर किती होता, सगळं समोर येतं. फुकट, आणि कुणालाही. नापास होण्याइतका दोष नसेल पण लक्ष ठेवायला हवं असेल, तर तपासनीस तसं लिहून ठेवतो: ‘मागचे टायर मर्यादेच्या जवळ’, ‘ब्रेक पाइपला गंज सुरू’. २०१८ पासून दोषांची धोकादायक, मोठे आणि किरकोळ अशी वर्गवारीही होते. जुनी गाडी घ्यायला जाणारा माणूस आधी हा इतिहास वाचतो. दोन वर्षांपूर्वी ऐंशी हजारांवर असलेला मीटर आज साठावर दिसला तर तो पुढे बोलणीच करत नाही.

आपल्याकडे सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर नंबर टाकला की फिटनेस कधीपर्यंत आहे ती तारीख दिसते. आत काय सापडलं, ते दिसत नाही. ब्रेक कसेबसे पास झाले की दणदणीत, स्कूल बसच्या दाराचं काय, टायर कोणत्या अवस्थेत होते, यातलं काहीही त्या बसमध्ये मुलाला बसवणाऱ्या आईला कळायची सोय नाही. पासिंगपुरते चांगले टायर भाड्याने चढवायचे आणि संध्याकाळी उतरवायचे, हा प्रकार टेम्पोवाले स्वतःच हसत सांगतात. यंत्र त्या दिवशी चढवलेले टायरच मोजणार. पण अहवाल खुला असला, तर रस्त्यावर थांबवणाऱ्या पोलिसाला मोबाइलवर दिसेल की पंधरा दिवसांपूर्वी कागदावर असलेली नक्षी आज या चाकांवर नाही.

इथलं सगळं गोड आहे असं मात्र कुणी समजू नये. जे गॅरेज तपासतं तेच दुरुस्तीही करतं, तेव्हा नसलेले दोष काढून बिल वाढवल्याच्या तक्रारी घरोघरी ऐकू येतात. मालक अपील करू शकतो, सरकारी माणसं गुपचूप गाडी नेऊन गॅरेजची परीक्षा घेतात, तरी कुरकुर आहेच. उलट टोकाला, गाडी गॅरेजमध्ये न नेताच पास झाल्याचा दाखला विकणारेही इथे पकडले जातात. म्हणून आता तपासणीच्या जागी उभ्या गाडीचा फोटो जोडायचे प्रयोग चालू आहेत. या एका बाबतीत आपला नियम इथल्यापेक्षा सरस आहे: एटीएस चालवणाऱ्याला दुरुस्तीचा, गाड्या विकण्याचा किंवा सुट्या भागांचा धंदा करता येत नाही. हे कलम कुणी सैल करू लागलं, तर संघटनांनी त्यावर रस्त्यावर उतरावं.

खर्चाचा प्रश्नही इथे आहे. मोटारीच्या एमओटीला जास्तीत जास्त ५४.८५ पौंड घेता येतात, आजच्या दराने सहा हजार रुपयांच्या वर. ही मर्यादा २०१० पासून तीच आहे आणि बरीच गॅरेजं त्याहून कमी घेतात. २०२३ मध्ये सरकारने विचारलं, पहिली तपासणी तिसऱ्याऐवजी चौथ्या वर्षी केली तर? लोकांचे पैसे वाचतील. वाहनचालकांच्या संघटनांनीच विरोध केला आणि जानेवारी २०२४ मध्ये तो बेत गुंडाळला गेला. तिकडे युरोपीय आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये १० वर्षांवरच्या मोटारींची तपासणी दर वर्षी करायचा प्रस्ताव आणला. जर्मनीत सध्या ती दोन वर्षांनी होते, तेव्हा तिथेही आरडाओरड झालीच. म्हणजे खिशाला चाट बसली की ओरडायचं, हे आपल्याच लोकांचं वैशिष्ट्य नव्हे.

फरक पडतो तो पुढे. इथे तीन वर्षांच्या गाडीला आणि तेवीस वर्षांच्या गाडीला तपासणीचं शुल्क एकच. तेवीस वर्षांची गाडी पास झाली तर ती मानाने फिरते. आपण तपासणीच्या शुल्कालाच गाडी भंगारात काढायची काठी बनवलं आहे. जितकी जुनी तितकं महाग, आणि दिल्लीत तर १० वर्षांचं डिझेल, १५ वर्षांचं पेट्रोल एवढं वय पाहून शिक्षा ठरवली गेली. तो निकष किती कच्चा आहे, हे तिथली धरसोडच सांगते: जुलै २०२५ मध्ये जुन्या गाड्यांना इंधन बंद केलं आणि काही दिवसांत मागे घेतलं. नीट ठेवलेल्या जुन्या गाडीचा मालक आणि ब्रेक झिजलेल्या पाच वर्षांच्या गाडीचा मालक, यांतला रस्त्याला धोका कुणाचा? वयाच्या हिशोबात पहिला पकडला जातो, दुसरा सुटतो.

तपासणीने सगळं थांबतं असा भ्रमही नको. २०२३ मध्ये भारतात रस्त्यावर १ लाख ७२ हजारांहून अधिक माणसं गेली, ब्रिटनमध्ये सोळाशेच्या आसपास. लोकसंख्येचा फरक धरला तरी अंतर भयंकर आहे. पण ते एमओटीमुळे आहे असं म्हणणं खोटं ठरेल. रस्त्याची रचना, वेगमर्यादा, लायसन्सची परीक्षा यांचा वाटा मोठा. पुण्यात नवले पुलाजवळ नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रकने गाड्या चिरडल्या, आग लागून माणसं गेली. लगेच ‘ब्रेक फेल’च्या बातम्या आल्या. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून त्या उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडतात, हे तिथले लोक कित्येक वर्षं सांगताहेत. तापलेले ब्रेक ऐनवेळी दगा देतात. सकाळी एटीएसमध्ये पहिल्या क्रमांकाने पास झालेला ट्रकही संध्याकाळी तसाच येऊ शकतो.

तरीही यंत्रं येताहेत ते बरंच आहे. फक्त ती सगळ्यांसाठी यावीत. खासगी मोटार आठव्या वर्षी एकदा, मग दर दोन वर्षांनी, स्वस्त आणि ठरलेल्या शुल्कात. दुचाकींची संख्या पाहता त्यांना सुरुवातीला ब्रेक, टायर आणि दिवे एवढंच पुरे. कोट्यवधी गाड्यांसाठी केंद्रं कुठून आणायची, हा आक्षेप रास्त आहे. पण मोठ्या शहरांपासून सुरुवात करायला कुणाची हरकत नसावी. आणि प्रत्येक अहवाल, पास असो वा नापास, वाहन पोर्टलवर नंबर टाकताच दिसावा. त्याला नवं यंत्र लागत नाही, जो आकडा संगणकात जातोच आहे तो फक्त लोकांना दाखवायचा आहे.

दादाच्या गाडीला पुढच्या वर्षी १५ पूर्ण होतात. नोंदणी वाढवायचे ५,००० रुपये त्याने बाजूला काढून ठेवलेत, आणि एजंटचे वेगळे.