पाऊस आपल्याच शिवारात मोजला पाहिजे

उन्हाळा सरता सरता घरामागच्या खळ्यात हवामान केंद्र उभं केलं. लोखंडी पाइपावर पावसाचं माप, वाऱ्याची फिरकी, तापमान-आर्द्रतेचा सेन्सर, छोटी सोलर प्लेट आणि घरात भिंतीवर स्क्रीन. बरा मोबाईल येईल तेवढ्या पैशात झालं. मृग झाला, आर्द्रा झाल्या, पुनर्वसू सरला, आता पुष्य सुरू आहे, आणि गावात-नात्यात जो तो विचारतोय की हे घेण्यासारखं आहे का. माझं मत स्पष्ट आहे: कास्तकाराच्या घरी हे असलंच पाहिजे.

सुरुवातीला मी दवबिंदूच पाहत राहायची. हवा ज्या तापमानापर्यंत थंड झाली की तिच्यातल्या वाफेचं दव होतं, तो दवबिंदू; हवेत ओल जास्त तेवढा तो वर. मेच्या शेवटी पारा ४४, आर्द्रता १०-१२ टक्के आणि दवबिंदू आठ अंशांच्या आसपास. म्हणून तर आपल्याकडे कुलर चालतो. हवा इतकी कोरडी की कुलरच्या गवतातलं पाणी झपाट्यानं उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. मृगात दवबिंदू २३-२४ वर चढला आणि तिथंच राहिला. तापमान ३२ वर आलं तरी घाम वाळेना, आणि कुलर नुसती ओली हवा फेकू लागला. रोहिण्यांत वादळी पाऊस येऊन गेला होता, पण तेव्हा दुसऱ्या दिवशी दवबिंदू परत घसरला होता. मान्सून विदर्भात पोचल्याचं टीव्हीवर सांगतात. आमच्या गावात पोचला हे मला या एका आकड्यानं सांगितलं.

हवेच्या दाबाचं तर मला फारच अप्रूप वाटतं. आभाळ निरभ्र असतानाही दाब सकाळी दहाच्या सुमारास वर असतो, दुपारी चारला खाली येतो, रात्री दहाला परत चढतो, पहाटे परत उतरतो. उन्हानं तापणाऱ्या वातावरणाची ही रोजची भरती-ओहोटी आहे आणि आपल्या उष्ण पट्ट्यात ती ठळक दिसते. म्हणून दुपारी दाब उतरला की लगेच पाऊस येणार असं समजू नका. स्क्रीनवर सूर्य-ढगाचं चित्र येतं ते दाबाच्या चढ-उतारावरूनच. त्यावर आपल्याकडे भरवसा ठेवू नका.

पण केंद्र घेतलं ते पावसासाठी. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. २५ मिलिमीटर पडला तर एकरी लाखभर लिटर. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. आमच्याकडे हे आजवर ओल हातानं पाहून ठरायचं, आणि जुन्या माणसांचा हात सहसा चुकत नाही. तरी पहिल्या सरीनंतर सगळं गाव तिफण काढतं, तेव्हा थांबायला काहीतरी आधार लागतो. यंदा मी रोजची बेरीज लिहीत गेले आणि थांबले. शेजारचे काकाजीही थांबले. दुबार पेरणीचं बियाणं काय भावात पडतं ते कास्तकाराला सांगायची गरज नाही.

दुसरं, पाऊस किती जोरात पडला हे दिसतं. दोन दिवसांच्या झडीत ६० मिलिमीटर पडतो तेव्हा काळी जमीन तो पिऊन घेते. तेवढाच पाऊस तासाभरात आला तर धुरा, म्हणजे बांध, फोडून नाल्यात जातो आणि सोबत माती नेतो. तलाठ्याच्या कागदावर दोन्ही पाऊस सारखेच.

आणि कागदाचाच खरा प्रश्न आहे. अतिवृष्टीच्या मदतीसाठी महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस व्हावा लागतो. मंडळात कितीतरी गावं असतात आणि माप मंडळाच्या केंद्रावर होतं. आमच्यापासून ते केंद्र दहा-बारा किलोमीटर. श्रावणात ढग एका धुऱ्यावर पडतो आणि दुसऱ्या धुऱ्यावर ऊन असतं, हे विदर्भात लहान लेकरालाही माहीत आहे. आमच्या नाल्याकाठची सोयाबीन पाण्याखाली असताना तिकडचा आकडा ४० येऊ शकतो. त्यात हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. रात्रभर आणि सकाळी अकरापर्यंत सलग कोसळलेला पाऊस दोन तारखांत वाटला जातो, आणि दोन्ही तारखा ६५ च्या आत राहू शकतात. माझ्या यंत्राचा दिवस मात्र रात्री बाराला संपतो. म्हणून मी रोज साडेआठला वहीत वेगळी नोंद करते, म्हणजे तुलना तरी सरळ होईल.

माझ्या आकड्याला सरकारदरबारी किंमत नाही, हे मला ठाऊक आहे. सेन्सर चुकतात, हेही खरं. ३० मे २०२४ ला नागपुरात एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते आणि नंतर सेन्सरमध्येच दोष असल्याचं सांगितलं गेलं. घरच्या यंत्राचं तर जास्तच सांभाळावं लागतं. स्लॅबवर किंवा टिनाजवळ लावलं तर तापमान खोटंच येणार. झाड-भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब हवं. पावसाच्या मापात आत एक छोटं झुलतं भांडं असतं, त्यात कोळी जाळं करतो, धूळ बसते. आणि फार जोराच्या पावसात ते थोडं कमीच मोजतं. म्हणून शेजारी साधं नळीचं पर्जन्यमापक लावलंय आणि दोन्ही आकडे लिहिते. वानरांचा त्रास असेल तर पाइपाला काट्या बांधा.

वाऱ्याच्या फिरकीकडे फक्त हौस म्हणून पाहू नका. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. कारणं अनेक होती. पण वारा अंगावर येत असताना आणि उन्हाच्या काहिलीत फवारणं हे जीवघेणं आहे, याबद्दल कोणाचं दुमत नसावं. आमच्याकडे फवारायला येणारा गडी आता आधी विचारतो, "ताई, हवा कोन्या बाजूची हाय?" वारा वाढला की पंप खाली. मजुरी पूर्ण देते. माझ्या मते केंद्राचे पैसे एवढ्यातच वसूल झाले.

केंद्र सरकारनं २०२३ मध्ये हवामानाची माहिती गावपातळीवर गोळा करणारी विंड्स योजना आणली. तिच्यात ग्रामपंचायत पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवायचं ठरलं आहे. हे व्हायलाच पाहिजे, आणि बसवल्यावर त्याचा आकडा रोज पंचायतीच्या फळ्यावर सगळ्यांना दिसेल असा लिहिला पाहिजे. ग्रामसभेत तसा ठराव मागा. मी येत्या ग्रामसभेत मांडणार आहे. तोवर यंत्र परवडत नसेल तर साधं नळीचं माप आणा, उघड्या जागी लावा आणि सकाळी साडेआठला वहीत लिहा. आजूबाजूच्या गावांत कोणी असं मोजत असेल तर गावाचं नाव आणि यंदाची आतापर्यंतची बेरीज कळवा. मला आमच्या मंडळाचा नकाशा गावागावाच्या आकड्यांनी भरायचा आहे.