‘दिव्यांग मूल हे आपलं काम नाही’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

आंतरवासितेच्या, म्हणजे शाळेत जाऊन करायच्या सराव अध्यापनाच्या, तोंडावर बी.एड.च्या मुलामुलींच्या ग्रुपवर एक लांबलचक संदेश फिरतोय. माझ्या भाचीकडेही तो आला आणि ‘मला नाही जमणार बहुतेक’ असं लिहून तिने तो मला पाठवला. त्यातले दावे असे: दिव्यांग मूल ही विशेष शिक्षकाची जबाबदारी, समावेशक वर्ग (दिव्यांग आणि इतर मुलं एकत्र शिकतात तो) सांभाळायचा आत्मविश्वास मुळातच अंगात असावा लागतो, एका मुलापायी चाळीस जणांचं नुकसान होतं, आणि बी.एड.ला यातलं काहीच शिकवत नाहीत.

पहिला दावा साफ खोटा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये समावेशक शिक्षणाची व्याख्याच अशी आहे की दिव्यांग आणि इतर मुलं एकत्र शिकतील आणि अध्यापन त्यांच्या गरजेप्रमाणे बदललं जाईल. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी असं शिक्षण द्यावं, यासाठी सरकारने प्रयत्न करायचे, असं कलम १६ सांगतं. विशेष शिक्षक येतो आणि पुढच्या शाळेत जातो. मूल रोज तुमच्याच वर्गात असतं.

चाळीस जणांच्या नुकसानीची भाषा मात्र संतापजनक आहे. चौथीचा अपूर्णांकाचा तास घ्या. वर्गात श्रवणयंत्र लावणारी एक मुलगी आहे. छात्राध्यापक (सराव पाठ घेणारा बी.एड.चा विद्यार्थी) फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता बोलतो. तिला ओठ दिसत नाहीत, मग ती शेजारणीचं बघून उतरवते. ‘समजलं का?’ विचारलं की मान हलवते, आणि वही बरोबर म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. यावर उपाय काय? आधी लिहा, वळा, मग बोला. तिला दुसऱ्या बाकावर बसवा. खिडकी तुमच्या पाठीमागे नको, उजेड तुमच्या चेहऱ्यावर हवा. मागच्या बाकावरून आलेलं उत्तर मोठ्याने पुन्हा सांगा. ‘समजलं का?’ऐवजी ‘आता काय करायचं, सांग’ म्हणा. श्रवणयंत्र नीट चालतंय का ते कळायला सकाळी स्वतःच्या तोंडापुढे कागद धरून आ, ई, ऊ, म, श, स हे सहा ध्वनी एकेक म्हणा आणि तिला परत म्हणायला लावा. मिनिटभराचं काम आहे. काल ऐकू आलेला ‘स’ आज आला नाही, तर बॅटरी उतरली असेल किंवा यंत्राच्या कानात बसणाऱ्या साच्यात मळ अडकला असेल. यात चाळिसांतल्या कुणाचं काय गेलं? सूचना फळ्यावर आली, उत्तर दोनदा कानावर पडलं, याचा फायदा त्यांनाच आहे.

आत्मविश्वास अंगातच असावा लागतो, हेही चूक. उमेश शर्मा, टिम लोरमन आणि ख्रिस फोर्लिन यांनी २०१२ मध्ये हाच आत्मविश्वास मोजणारी मापनश्रेणी, म्हणजे एक प्रश्नावली, प्रसिद्ध केली. ती भारतासह चार देशांतल्या छात्राध्यापकांवर तपासलेली आहे. १८ विधानं, प्रत्येकाला ६ पर्याय, आणि आत्मविश्वासाचे तीन वेगळे भाग: समावेशक अध्यापन, इतरांशी सहकार्य, वर्तन हाताळणं. एखादी छात्राध्यापिका अध्यापनात भक्कम असून पालकांशी बोलताना अडखळू शकते. तेव्हा ‘मला जमणार नाही’ म्हणण्याआधी नेमकं काय जमत नाही ते शोधा. पहिल्या आठवड्यात एकच बदल धरा. निरीक्षणाला बसलेल्या मैत्रिणीला सांगा, की मी पाठ फिरवून किती वेळा बोलले, तेवढ्याच रेघा मार. रेघा कमी होताना दिसल्या की भीती उतरते, कारण स्वतः करून जमलेल्या गोष्टीइतका भरवसा दुसऱ्या कशानेच येत नाही.

शेवटच्या दाव्यात थोडं तथ्य आहे, मान्य. एनसीटीईच्या (राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या बी.एड. आराखड्यात समावेशक शाळेचा पेपर अर्धाच आहे, आणि कायद्यातले दिव्यांगत्वाचे २१ प्रकार पाठ करून वर्ग घेता येत नाही. पण त्याच आराखड्यात २० आठवड्यांची आंतरवासिताही आहे. भाचीला एवढंच कळवलंय: पहिल्या दिवशी मार्गदर्शक शिक्षकांना विचार, श्रवणयंत्र किंवा जाड भिंगाचा चष्मा कोण वापरतं, वाचताना कोण अडतं, आणि विशेष शिक्षक कोणत्या वारी येतात. तुझा एक सराव पाठ त्याच वारी लाव आणि त्यांना मागे बसायची विनंती कर.