सतीशरावांच्या प्रतिक्रियेला उत्तर : डिसेंबरातल्या त्या रात्रीबद्दल

नमस्कार सतीशराव,

प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, तेव्हा उत्तरही लांबणार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : १० डिसेंबर २०२१ च्या रात्री अमेरिकेच्या केंटकी राज्यात झालेल्या टोर्नेडोंवरचा (ढगातून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या गरगरत्या वाऱ्याच्या खांबांवरचा) माझा लेख उगाच घाबरवणारा आहे. थंडीत, त्यातही सूर्य मावळल्यावर, अशी वादळं जोर धरत नाहीत, म्हणजे मी काहीतरी गाळलंय. माणसं गेली ती 'पुठ्ठ्याच्या घरांमुळे', म्हणजे तिथल्या हलक्या लाकडी घरांमुळे. आणि 'इतिहासातला सर्वांत लांब टोर्नेडो' हे माझं वाक्य चूक आहे.

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. पहिल्या एक-दोन दिवसांत बातम्यांत तसंच चाललं होतं आणि मी ते तपासल्याशिवाय उचललं. एकाच ढगाने आर्कान्सापासून केंटकीपर्यंत मजल मारली, त्यामुळे सगळा एकच पट्टा वाटला. पाहणीत दोन टोर्नेडो निघाले. आर्कान्सातल्या मोनेट गावावरून गेलेला पहिला शेजारच्या टेनेसी राज्यात विरला, आणि थोडं अंतर सोडून त्याच ढगातून दुसरा उतरला. केंटकीतलं मेफील्ड शहर उद्ध्वस्त करणारा तो हा दुसरा. त्याचा माग सुमारे २६६ किलोमीटरचा, म्हणजे पुण्याहून निघून जवळजवळ निपाणी, तेही जेमतेम तीन तासांत. पण १८ मार्च १९२५ चा तीन राज्यांतून गेलेला टोर्नेडो साडेतीनशे किलोमीटरचा होता. विक्रम त्याचाच. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता थंडीचं. त्या दुपारी इथे टेनेसीतल्या नॅशव्हिलला आम्ही खिडक्या सताड उघड्या टाकून बसलो होतो, मी अर्ध्या चड्डीत. टेनेसीतल्याच मेम्फिसला पारा २६ अंशांवर गेला, त्या तारखेचा शंभराहून अधिक वर्षांचा विक्रम मोडून. मेक्सिकोच्या आखातावरून येणारी हवा इतकी दमट होती की डिसेंबरात शर्ट अंगाला चिकटत होता. वादळाला खाद्य लागतं ते हेच.

संध्याकाळी ते आटतं, हे तुमचं म्हणणं एरवी खरं आहे. ऊन गेलं की जमीन निवते, जमिनीलगत गार हवेचा थर साचतो आणि ढगाला खालून उबदार हवा मिळेनाशी होते. त्या रात्री तो थर बसलाच नाही. जमिनीपासून किलोमीटरभर उंचीवर दक्षिणेचा वारा अंधार पडल्यावर आणखी जोरात वाहू लागला. त्याने खालची हवा घुसळत ठेवली, आणि आखातातून दमट हवेचा पुरवठाही चालू ठेवला. रात्री नऊ वाजताही बाहेरची हवा मेमधल्या संध्याकाळसारखी होती.

आणि वारा मात्र हिवाळ्याचा. थंडीत वरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो. उन्हाळ्यात इथे ऊब असते पण वर एवढा वारा नसतो, हिवाळ्यात वारा असतो पण ऊब नसते. त्या दिवशी दोन्ही एकाच जागी आली. तळाला वारा दक्षिणेकडून, वर जावं तसा नैर्ऋत्येकडून आणि कितीतरी वेगाने. खालची हवा हळू, वरची जोरात, मग मधली हवा पोळपाटावरच्या लाटण्यासारखी आडवी फिरू लागते. ढगात वर चढणारा झोत ते फिरतं लाटणं उभं करतो, आणि अख्खा ढगच गरगरायला लागतो. प्रत्येक गरगरता ढग टोर्नेडो सोडत नाही, पण त्या रात्रीची परिस्थिती त्याला फारच अनुकूल होती. तज्ज्ञांना ती दिसतही होती : त्याच दिवशी धोक्याची पातळी पाचपैकी चारवर नेलेली होती.

(टोर्नेडोला चक्रीवादळ म्हणू नये, ही सूचना मान्य. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरतं. 'वावटळ' म्हणावं, तर आपली वावटळ पाचोळा उडवून दमते. म्हणून टोर्नेडोच.)

हवामानबदलाचं नाव मी एकदाच घेऊन पळ काढला, असंही तुम्ही म्हणता. मुद्दामच एकदा घेतलं. एका रात्रीचं खापर त्याच्यावर फोडता येत नाही. पाचच दिवसांनी मिनेसोटात नोंदींतले पहिले डिसेंबर-टोर्नेडो झाले, हे चमत्कारिक आहे खरं, पण टोर्नेडोंच्या जुन्या नोंदी इतक्या विरळ आहेत की त्यावर मोठा निष्कर्ष मी तरी रचणार नाही.

पुठ्ठ्याच्या घरांवर मात्र मी अडून बसणार. मेफील्डमध्ये वाऱ्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर गेल्याचा अंदाज आहे. तिथल्या जुन्या विटांच्या इमारती, चर्च, घड्याळाचा मनोरा असलेलं कोर्ट, सगळं कोसळलं. विटा तुमच्या-माझ्या अंगावर पडल्या तर लाकडापेक्षा जास्तच लागतात. खरा घातक होता अंधार. दिवसा लोक बाहेर येऊन आभाळ बघतात, शेजारी ओरडतो. रात्री वीज चमकेल तेवढाच क्षण तो आकार दिसतो. रडारवर मात्र मोडतोडीचे तुकडे दिसत होते, नऊ किलोमीटर उंच उडालेले. घरात झोपलेल्याला त्याचा काय उपयोग? रात्रीचा टोर्नेडो दिवसाच्या अडीचपट जीवघेणा ठरतो, असं अमेरिकेतला अभ्यास सांगतो. केंटकीतल्याच बोलिंग ग्रीन शहराला त्या रात्रीचा एक वेगळा टोर्नेडो धडकला तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. केंटकीत त्या रात्री सत्तरहून अधिक माणसं गेली.

आमच्याकडे पहाटे फोनवर धोक्याचा इशारा किंचाळला. जिन्याखालच्या कपाटात आम्ही तिघं, डोक्यावर सायकलची हेल्मेटं, लेकीच्या मांडीवर मांजर. आमच्यावरून काही गेलं नाही. बाहेर आलो तर हवा अजूनही कोमटच होती.

तुमचा पुतण्या मेम्फिसला आहे आणि 'सायरन वाजला तरी मी उठत नाही' म्हणतो, असं लिहिलंत. सायरन बाहेर असलेल्यांसाठी असतो, बंद खोलीतल्या झोपेत तो ऐकू येईलच असं नाही. त्याला सांगा, झोपताना फोनवरचे आपत्तीचे इशारे बंद करू नकोस, खिडकी नसलेली आतली खोली आधीच ठरवून ठेव. आणि बूट पलंगाजवळ. नंतर सगळीकडे काचा आणि खिळे असतात.