चपलेसारखं दिसलं की पॅरामेशियम? नाही

शाळा उघडल्या, पाऊस लागला, की नागपुरातल्या शिक्षकांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर फिरू लागतो. थोडक्यात तो असा: मूठभर तणस पाण्यात भिजवा, तीन दिवसांनी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. त्यातला एकपेशीय जीव चपलेसारखा दिसला तर पॅरामेशियम, घंटेसारखा दिसला तर व्हॉर्टिसेला. जितकं मोठं करून पाहाल तितकं स्पष्ट. जीव पळत असेल तर आयोडीन टाका. आणि हाच जीव तलावाच्या पाण्यात सापडला तर त्यात मैला मिसळतोय असं समजा. हेतू चांगला आहे, पण मजकूर जवळजवळ प्रत्येक ओळीत घसरतो.

पहिलं, तणस. वाळलेल्या काडीवर तग धरून राहतात ते स्वतःभोवती जाड कवचाची पुटी (सिस्ट) करणारे जीव. पॅरामेशियमला वाळवण सोसणारी अशी पुटी करता येत नाही. त्यामुळे नळाचं पाणी आणि कोरडं तणस एवढ्यावर तीन दिवसांत जे वळवळताना दिसतं ते बहुतेक वेळा कोल्पोडा हा वेगळाच एकपेशीय जीव असतं. काजूच्या आकाराचं, ४० ते ११० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब, आतल्या बाकाच्या खाचेत तोंड, मागच्या टोकाला एकच संकोची रिक्तिका, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर टाकणारी पिशवी. शेजारी गोल पुटी दिसली आणि तिच्या आत दोन किंवा चार पिल्लं फिरताना दिसली, तर शंकाच नको. कोल्पोडा पुटीतच विभागतं.

पॅरामेशियमच हवा असेल तर तो तलावातून आणावा लागतो. एक लिटर पाण्यात पाचेक ग्रॅम तणस दहा मिनिटं उकळा, गार करा आणि एक दिवस उघडं ठेवा, म्हणजे त्यात जिवाणू वाढतील. मग फुटाळ्याच्या किंवा अंबाझरीच्या काठचं, कुजक्या पानांसकट ५० मिलि पाणी त्यात घाला. काढा नळाच्या पाण्याचा करायचा असेल तर ते आदल्या रात्री उघड्या भांड्यात ठेवून क्लोरीन उडू द्या. बरणी २५ अंशांच्या आसपास सुखी असते. मे महिन्यात गच्चीवरच्या खोलीत ठेवलीत तर दोन दिवसांत वास येईल आणि आत जिवाणूंशिवाय काही उरणार नाही. माठाच्या तिवईखालची ओल्या फरशीची जागा त्या दिवसांत उत्तम.

आता चप्पल. तलावाच्या पाण्यात लांबट, एका टोकाला निमुळते, गरगरत पोहणारे सिलिएट, म्हणजे अंगभरच्या बारीक केसांनी पोहणारे एकपेशीय जीव, डझनावारी आहेत. फ्रंटोनिया तर पॅरामेशियमपेक्षाही मोठा होऊ शकतो, त्यालाही तसेच ट्रायकोसिस्ट, म्हणजे कातडीखालचे बाहेर फेकता येणारे सूक्ष्म बाण, असतात, आणि लांबून तीच चप्पल वाटते. फरक तोंडाच्या जागी. पॅरामेशियमला पुढच्या टोकापासून तिरकी उतरत मध्यापर्यंत येणारी खाच असते आणि तोंड तिच्या तळाशी असतं. फ्रंटोनियाचं तोंड पुढच्या तिसऱ्या हिश्श्यात, खाच नाहीच, आणि पोटात बऱ्याचदा गिळलेले डायटम (काचेसारख्या कवचाचं सूक्ष्म शैवाल) दिसतात. दुसरी खूण रिक्तिकांची. पॅरामेशियमला सहसा दोन असतात, एक पुढे आणि एक मागे, आणि प्रत्येकीभोवती चांदणीसारख्या नळ्या. नळ्या फुगतात, मधला गोळा भरतो, फुटतो, पुन्हा नळ्या फुगतात. एका जागी थांबलेल्या पेशीत हे मिनिटभर पाहिलंत तर आकृती पाठ करायची गरज उरत नाही. खाली तळावर पळणारं, मिशांसारख्या जाड केसांच्या झुबक्यांवर चालणारं काही दिसलं तर ते चपलेसारखं असूनही स्टायलोनिकिया किंवा त्याच्या नात्यातलं. हिरवं असेल तर पॅरामेशियम बर्सारिया: आत शैवाल, आणि आकाराने आखूड, रुंद.

आणि मापाशिवाय नाव देऊ नका. १० च्या आयपीसचा (डोळ्याजवळच्या भिंगाचा) क्षेत्र-आकडा, म्हणजे त्यातून दिसणाऱ्या वर्तुळाचं माप, १८ असेल तर ४ च्या ऑब्जेक्टिव्हखाली साडेचार मिलिमीटर, १० च्या खाली १.८ आणि ४० च्या खाली फक्त ०.४५ मिलिमीटर भाग दिसतो. पॅरामेशियम सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर पोहतो. म्हणजे ४० च्या खाली तो अर्ध्या सेकंदाच्या आत नजरेआड. "जितकं मोठं तितकं स्पष्ट" हे इथेच कोलमडतं. शोध ४ वर, ओळख १० वर, आणि पेशी थांबल्यावरच ४०. २५ चा आयपीस लावून हजार पट करणं म्हणजे अंधुक चित्र ताणणं. नवा तपशील त्यातून एकही मिळत नाही. त्याऐवजी मंचाखालच्या कंडेन्सरची (प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाची) झडप थोडी मिटा, कडा उठून दिसतील. शाळांत आलेला फोल्डस्कोप हा कागदी सूक्ष्मदर्शक १४० पट मोठं दाखवतो आणि दोन मायक्रॉनपर्यंत फरक ओळखतो. चाल आणि आकार पाहायला तो छान आहे, पण त्यात सुट्या पक्ष्माभिका (पोहायचे ते बारीक केस) दिसण्याची अपेक्षा धरू नका.

आयोडीनचा सल्ला सगळ्यात वाईट. ते टाकताच पेशी मरते, आकसते, ट्रायकोसिस्ट बाहेर फेकते, रिक्तिका थांबतात. ज्या खुणांवर ओळख ठरायची त्याच आपण पुसतो. थांबवायचं असेल तर पाण्याचा थर पातळ करा. १८ बाय १८ मिलिमीटरच्या कव्हरस्लिपखाली (थेंबावर ठेवायच्या पातळ काचेखाली) २० मायक्रोलिटर पाणी पसरलं तर थर सुमारे ६० मायक्रॉनचा होतो. साध्या ड्रॉपरचा थेंब ५० मायक्रोलिटरच्या आसपास असतो, म्हणजे थर दीडशेवर जातो आणि जीव वरखाली पोहत राहतो. कव्हरस्लिपच्या चार कोपऱ्यांना व्हॅसलिनचे मोहरीएवढे ठिपके लावा, नंतर कडेला टिपकागद टेकवून पाणी हळूहळू ओढा. पेशी किंचित दबली, की थांबा. आणखी ओढलंत तर ती फुटते. पिंजलेल्या कापसाचे चार तंतू थेंबात टाकले तरी ती अडकते.

रंग शेवटी, तोही केंद्रकासाठी: १ टक्का अ‍ॅसिटिक आम्लात १ टक्का मिथाइल ग्रीन, एका कडेला थेंब, दुसऱ्या कडेला टिपकागद. मोठं केंद्रक हिरवं दिसतं, त्याला लागून लहान. लहान केंद्रक एकच आणि लांबी दोनशे मायक्रॉनच्या पुढे असेल तर पॅरामेशियम कॉडेटम. दोन बारीक ठिपके आणि लांबी १२० ते १७० असेल तर पॅरामेशियम ऑरेलिया. त्याच्या पुढे जाऊ नका. १९७५ मध्ये अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ सॉनबॉर्न यांनी ऑरेलियाच्या १४ जातींना नावं दिली, आणि त्या नुसत्या रूपावरून वेगळ्या करता येत नाहीत. वहीत "ऑरेलिया गट" लिहिणं पुरेसं आणि खरं आहे.

घंटेचं काम सोपं आहे: सूक्ष्मदर्शकाच्या मंचावर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारा. एकटी घंटा, आणि देठ स्प्रिंगसारखा गुंडाळला तर व्हॉर्टिसेला. फांद्यांवर घंटा आणि प्रत्येकीचा देठ स्वतंत्रपणे आकसतो तर कार्केसियम. सगळी वसाहत एकदम आकसली तर झूथॅम्नियम. देठ ताठच राहिला तर एपिस्टायलिस. आत जबड्यासारखं काही चावताना दिसलं तर तो रोटिफर: सिलिएट नाही, एकपेशीयही नाही.

राहिला मैल्याचा मुद्दा. पॅरामेशियम जिवाणू खातो. जिवाणू सांडपाण्यात असतात, तसेच कुजणाऱ्या पानांत आणि निर्माल्यातही असतात. एकाच व्हॉर्टिसेला प्रजातीत मायक्रोस्टोमा ही जात प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात तग धरते, तर मलप्रक्रियेच्या टाकीत कॉन्व्हॅलेरिया वाढली तर टाकी बरी चालली असं मानतात. प्रजातीच्या नावावरून पाण्याचा निकाल लागत नाही. मैल्याची शंका असेल तर नमुना कोलिफॉर्मच्या (मैल्याची खूण मानल्या जाणाऱ्या जिवाणूंच्या) तपासणीला द्यावा लागतो. माणसाला आजार देणारा सिलिएट एकच माहीत आहे, बॅलँटिडियम, आणि तो प्रामुख्याने डुकरांच्या विष्ठेतून येतो.