मालवणचं सागरी अभयारण्य मच्छीमारांच्या मुळावर आलंय का?

कोकण किनाऱ्यावर अभयारण्याचा विषय निघाला की एकाच धाटणीचे संदेश मोबाइलवर फिरू लागतात. त्यांचा आशय असा: सागरी अभयारण्य म्हणजे मच्छीमाराला समुद्रातून हुसकावण्याचा डाव आहे, समुद्राला कुंपण नसतं, आत राखलेले मासे बाहेर जाणारच, मग राखून उपयोग काय, आणि मालवणला 1987 पासून अभयारण्य आहे, त्यानं कोणाचं भलं झालं? यामागची भीती खरी आहे. पण तिच्यावरून काढलेले निष्कर्ष चुकीचे आहेत, आणि त्यांचा तोटा रापणकराला (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्याला) आणि छोट्या होडीवाल्यालाच होणार आहे.

आधी हुसकावण्याचं बघू. मालवणचं अभयारण्य 13 एप्रिल 1987 रोजी जाहीर झालं. क्षेत्रफळ 29.12 चौरस किलोमीटर. त्यात पद्मगड आणि आसपासचे खडक धरून गाभाक्षेत्र (अगदी आतला, सगळ्यात जास्त जपायचा भाग) आहे सुमारे 3.18 चौरस किलोमीटरचं, म्हणजे एकूण क्षेत्राच्या साधारण नवव्या हिश्शाएवढं. शिवाय वन्यजीव संरक्षण कायद्यात 1991 साली झालेल्या दुरुस्तीनुसार प्रादेशिक सागरी क्षेत्र अभयारण्यात घ्यायचं असेल तर स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपण्याची पुरेशी व्यवस्था आधी करावी लागते. परवानग्यांची अट येते, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणूनच कोणतं जाळं, कोणत्या महिन्यात, कुठवर, हे मराठीत आणि नकाशासह लिहून मागावं. ते मागण्याचा हक्क मच्छीमारांचा आहे. ते न मागता नुसता ‘अभयारण्य नको’ म्हणून हट्ट धरला, तर नियम ठरतात त्या खोलीत आपला माणूस नसतो.

आता कुंपणाचा मुद्दा. मासे बाहेर जाणार, हे शंभर टक्के खरं, आणि ते जावेत म्हणूनच जागा राखायची असते. तांबोशी, गोबरा, शेवंड ही खडकाला धरून राहणारी जात. त्यांना काही वर्षं हात लावला नाही तर ती मोठी होतात, आणि मोठी मादी लहान मादीपेक्षा कितीतरी पट जास्त अंडी घालते. अंडी आणि पिल्लं प्रवाहाबरोबर हद्दीबाहेर जातात. न्यूझीलंडमध्ये लेई इथल्या गोट आयलंडभोवती 1975 पासून मासेमारी पूर्ण बंद आहे. राखीव क्षेत्र जेमतेम 5 चौरस किलोमीटरचं. तिथल्या स्नॅपर माशांची आनुवंशिक तपासणी करून आईबाप आणि पिल्लं जुळवली गेली, तेव्हा आजूबाजूच्या सुमारे 400 चौरस किलोमीटरमधली दहातली एक पिल्लं त्या एवढ्याशा तुकड्यातल्या माशांची निघाली. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेलं हे काम मला या वादातला सगळ्यात वजनदार पुरावा वाटतो. ती पिल्लं मोठी होतात बाहेर, जिथे मासेमारी चालू आहे तिथेच.

बांगडा, तारली, सुरमई मात्र लांबवर फिरणारे मासे. तीन चौरस किलोमीटरचा गाभा त्यांना फारसं काही देणार नाही. तिथे उपाय वेगळे आहेत: पावसाळी बंदी, जाळ्याच्या आसाचं (छिद्राचं) माप, पर्ससीनवर (माशांचा अख्खा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यावर) राज्यानं फेब्रुवारी 2016 मध्ये आणलेले निर्बंध, एलईडी दिव्यांनी मासे ओढून घेऊन पकडण्यावर केंद्रानं नोव्हेंबर 2017 मध्ये घातलेली बंदी. अभयारण्याकडून बांगड्याची अपेक्षा करायची आणि तो आला नाही म्हणून अभयारण्याला दोष द्यायचा, हा न्याय नव्हे.

‘मच्छीमार बाहेर आणि पर्यटक आत’ या तक्रारीत तथ्य आहे. होडीच्या नांगरानं प्रवाळ तुटतं, मग ती होडी मासे धरणाऱ्याची असो की स्नॉर्केलिंगवाल्याची. नियम दोघांना सारखाच हवा, नांगर न टाकता होड्या बांधायला तरंगते बोयेही हवेत.

राहता राहिला सगळ्यात बोचरा प्रश्न: इतकी वर्षं झाली, काय मिळालं? माझं उत्तर असं की कागदावर जाहीर होणं आणि राखलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2014 साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात जगभरातल्या 87 संरक्षित सागरी क्षेत्रांचा अभ्यास आला. त्यानुसार पाच गोष्टी जितक्या जास्त जुळून येतात, तितका परिणाम मोठा: मासेमारी पूर्ण बंद, नियमांची खरी अंमलबजावणी, दहा वर्षांहून जास्त काळ, शंभर चौरस किलोमीटरहून मोठं क्षेत्र, आणि खोल पाण्यानं किंवा वाळूनं वेगळं पडलेलं ठिकाण. निम्म्याहून जास्त क्षेत्रांत यातल्या एकदोनच गोष्टी होत्या आणि तिथले मासे बाहेरच्यापेक्षा वेगळे दिसले नाहीत. मालवणच्या अभयारण्याचं वय भरलंय. आकार लहान आहे, तो काही वाढणार नाही. हातात राहते ती अंमलबजावणी, आणि गोट आयलंड दाखवतं की लहान जागाही नीट राखली तर फळते.

फिलिपिन्समध्ये याच्या दोन्ही बाजू दिसतात. सुमिलॉन बेटाच्या प्रवाळाचा एक भाग 1974 पासून राखला होता. 1984 मध्ये राखण मोडली, सगळीकडे मासेमारी सुरू झाली. जागा वाढली तर मासळी वाढायला हवी होती, पण दोनेक वर्षांत बेटाभोवतीची एकूण पकड निम्म्याहून खाली आली. जवळच्या आपो बेटावर 1982 मध्ये गावानंच प्रवाळाचा साधारण दहावा हिस्सा बंद केला आणि पहाराही गावानंच दिला. तिथली मासेमारी टिकली. पुढे 2011 आणि 2012 च्या चक्रीवादळांनी त्या राखीव भागातलं प्रवाळ उद्ध्वस्त केलं, तेही सांगायला हवं. राखीव क्षेत्र वादळ अडवत नाही.

मालवणात गाभ्याची राखण कोणी करायची, हे अजून ठरवता येतं. माझं मत स्पष्ट आहे: हद्दीचे बोये समुद्रात दिसायला हवेत, पहाऱ्यावर गावातलेच मच्छीमार पगारी नेमायला हवेत, गाभ्याच्या आत आणि बाहेर दरवर्षी मासे मोजून आकडे मच्छीमार सोसायट्यांपुढे ठेवायला हवेत. मिनी पर्ससीनवाली होडी हद्दीत शिरली तर तिच्यावर त्याच रात्री कारवाई व्हायला हवी. छोट्या होडीवाल्याचा विश्वास त्यावर ठरणार आहे.