सेंट एतिएनचा हिरवा शर्ट खाणीतून नाही आला

सध्या एक फॉरवर्ड सगळीकडे फिरतंय: सेंट एतिएन हा फ्रान्समधला गरीब कोळसा खाणकामगारांनी काढलेला फुटबॉल क्लब, अंधाराला कंटाळून त्यांनी हिरवा रंग निवडला, 1976 ची युरोपियन कप फायनल गोलपोस्ट चौकोनी होते म्हणून हरले, आणि आजही फ्रान्समध्ये सगळ्यात जास्त लीग टायटल त्यांचीच. मला हा क्लब मनापासून आवडतो, म्हणूनच हे बघवत नाही.

आधी शर्ट. गाव खाणींचं होतं, मॅचला खाणकामगार गर्दी करायचे, हे खरंच आहे. पण क्लबची सुरुवात केली ती 1919 मध्ये कॅसिनो नावाच्या किराणा दुकानांच्या कंपनीतल्या नोकरदारांनी, आणि हिरवा हा त्या दुकानांचा रंग. कंपनीचे संस्थापक जॉफ्रोआ गिशार, स्टेडियमला आजही त्यांचंच नाव आहे. पुढे 70 च्या दशकात शर्टावर मानुफ्रान्स आलं, तीही गावातलीच कंपनी, बंदुका आणि सायकली बनवणारी. म्हणजे दुकानातली माणसं, फॅक्टरीतली माणसं, खाणीतली माणसं, सगळी त्या शर्टात आहेत, मग बाकीच्यांना का पुसून टाकायचं? आणि रशीद मेखलूफी कुठंय त्या मेसेजमध्ये? 1957 च्या पहिल्या टायटलमधला स्टार, 1958 मध्ये वर्ल्डकप तोंडावर असताना फ्रान्स सोडून अल्जेरियाच्या स्वातंत्र्यलढ्याच्या टीममध्ये गेला, आणि देश स्वतंत्र झाल्यावर 1962 मध्ये परत सेंट एतिएनला आला तर लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. खरी गोष्ट एवढी भारी असताना रचलेली कशाला हवी?

आता ते चौकोनी पोस्ट. ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर पोस्ट आणि बार चौकोनी होते, बरोबर. पण सेंट एतिएनच्या बातनेचा शॉट आणि सान्तिनीचा हेडर दोन्ही क्रॉसबारला लागले, उभ्या पोस्टला नाही, आणि बार गोलाकार असता तर बॉल आतच गेला असता हे कोण छातीठोकपणे सांगणार? शिवाय हे दोन्ही पहिल्या हाफमध्ये झालं. नंतर 57 व्या मिनिटाला समोरच्या बायर्न म्युनिक या जर्मन क्लबच्या फ्रांझ रोटने फ्रीकिकवर गोल मारला, बायर्न 1-0, आणि परतफेड करायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ होता. दुखापतीमुळे सेंट एतिएनचा फॉरवर्ड खेळाडू रोशतो शेवटची काही मिनिटंच खेळू शकला, माझ्या मते त्याचा फटका बारपेक्षा मोठा.

टायटलचं म्हणाल तर सेंट एतिएनची 10, शेवटचं 1981 चं, प्लाटिनी टीममध्ये असतानाचं. पॅरिसच्या पीएसजी क्लबने 2022 ला बरोबरी केली आणि 2023 ला पुढे गेले.