त्यानंतर २ ते ३ अंशांनी घट

आमच्या घरातलं हवामान खातं मी आहे. कोणी रीतसर नेमलं नाही, पगार नाही, फक्त शिव्या आहेत. दोन वर्षांपूर्वी गणपतीत मी सहज म्हणालो होतो "आज छत्री ने" आणि खरंच पाऊस पडला, तेवढ्या एका पुण्याईवर ही नोकरी लागली. आता गणपतीत पुण्यात पाऊस पडणार हे सांगायला काय अक्कल लागते, पण हे घरच्यांना तेव्हा सुचलं नाही आणि मीही कॉलर ताठ करून घेतली. चूक तिथे झाली.

तर डिसेंबरातला एक रविवार. गुरुवारी चुलत बहिणीचं रिसेप्शन, तेही लॉनवर, कारण हल्ली हॉलमध्ये लग्न केलं तर लोक पैशांची अडचण आहे का विचारतात. चहा झालेला, हातात खारी, आणि मी मोबाईलवर आठवड्याचा अंदाज मोठ्याने वाचतोय. मूळ वाक्य असं होतं, "पुढील चार दिवस किमान तापमानात फारसा बदल नाही, अंशतः ढगाळ वातावरण, त्यानंतर किमान तापमानात २ ते ३ अंशांनी हळूहळू घट होण्याची शक्यता." यातला पहिला अर्धा भाग खारीसोबत गेला. घराला ऐकू गेलं "२ ते ३ अंशांनी घट". आईला कमी ऐकू येतं, तिला फक्त "२ ते ३ अंश" एवढंच ऐकू गेलं.

"दोन अंश? अरे देवा!"

पुढच्या दहा मिनिटांत माळ्यावरची बॅग खाली. त्यातून स्वेटर, कानटोप्या, एक मफलर जो बाबांनी शेवटचा कधी घातला ते त्यांनाही आठवत नाही, आणि या सगळ्याला डांबराच्या गोळ्यांचा असा काही वास की शेजारच्या काकूंनी बेल वाजवून विचारलं, पेस्ट कंट्रोल केलंत का.

मी समजवायला गेलो. म्हटलं आई, घट म्हणजे आत्ता १५ आहे त्याचे १२ होतील, पुण्यात दोन अंश होत नाही गं. आणि इथेच थांबायला हवं होतं, पण माहितीचा किडा असतो ना माणसाला, मी पुढे म्हणालो की पुण्यात सगळ्यात कमी १.७ अंश नोंदलंय, ते पण १७ जानेवारी १९३५ ला, म्हणजे बघ किती जुनी गोष्ट आहे. आई शांतपणे म्हणाली, "म्हणजे झालंय की पूर्वी." आणि बाबांच्या अंगावर दुसरा स्वेटर चढवला.

पुण्यात थंडीचं एक निराळंच प्रकरण आहे. इथे थंडी वाजण्यापेक्षा ती आपल्याकडे जास्त आहे हे सिद्ध करणं महत्त्वाचं. मेव्हणी पाषाणला राहते, आम्ही हडपसरच्या बाजूला. पेपरात पारा छापून येतो तेव्हा पाषाण, एनडीए, हवेली ही मंडळी खाली असतात, शिवाजीनगर मधोमध, आणि आमच्या बाजूचं मगरपट्टा वर. तीन-चार अंशांचा फरक सहज पडतो. इमारती आणि काँक्रीट दिवसभराची ऊब रात्री सोडत बसतात, त्याला आम्ही काय करणार, पण मेव्हणीचा सकाळी सात वाजता व्हॉइस मेसेज येतो, "ताई, आमच्याकडे दहा हं, तुमच्याकडे?" आणि बायको माझ्याकडे असं बघते जणू चौदा अंशांचा फ्लॅट मी मुद्दाम घेतला. मी एकदा सांगून पाहिलं की लवळे तर गावाबाहेर आहे तरी तिथे रात्री आपल्यापेक्षा गरम असतं, कारण ते टेकडीवर आहे आणि गार हवा जड म्हणून खाली उतरते. तर म्हणाली, "मग टेकडीच्या खाली घ्यायचा होता."

तसं हवामान आणि पुणं हे नातं जुनंच. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून त्या चौकाला आजही सिमला ऑफिस म्हणतात. शिमल्याचं ऑफिस आलं आणि बर्फ तिकडेच राहिला, हा पुणेकरांवरचा अन्याय मेव्हणी एकटीने भरून काढतेय.

रविवारी रात्री मामाचा फोन. मामाची निफाडकडे द्राक्षबाग आहे, आणि थंडीच्या या सगळ्या शर्यतीत निफाडसमोर पाषाण म्हणजे बालवाडी. तिकडे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा किती उतरला हे दरवर्षी बातम्यांत असतं. गव्हाला ही थंडी अमृत, आणि शेजारच्याच बांधापलीकडे द्राक्षवाल्याची झोप उडालेली. मामा म्हणाला, "भाच्या, काय म्हणतोय रे तुझा मोबाईल?" मी म्हटलं मामा, ढगाळ आहे आधी, मग थंडी. पलीकडे शांतता. मग मामा म्हणाला, "म्हणजे आधी भुरी आणि डाऊनीच्या बुरशीसाठी फवारे मारू, आणि मग मण्याची फुगवण थांबली की पहाटे बागेत शेकोट्या पेटवू आणि पाणी सोडू. तू कधी चांगलं बोललायस का रे?" मी म्हटलं मामा, मी फक्त वाचतोय. "मग दुसरं काहीतरी वाच की."

मामाला मुळात हवामानच नकोय. 

सोमवार बरा गेला. मंगळवारपासून पूर्वेचे वारे सुरू झाले, बंगालच्या उपसागराकडून ओलावा घेऊन येणारे, आणि आभाळ भरलं. आता गंमत अशी की ढग आले की रात्र उबदार होते, गोधडी पांघरल्यासारखी, जमिनीची ऊब वर निसटत नाही. म्हणजे पारा १५ वरून १९. पण दिवसा ऊन नाही. आणि आमच्या बिल्डिंगला पाणी तापवायला सोलर आहे. म्हणजे ज्या दिवसांत कडाक्याची थंडी असते त्या दिवसांत आकाश स्वच्छ, ऊन कडक, नळाला चटका बसेल असं पाणी. आणि ज्या दिवसांत थंडीच नाही त्या दिवसांत आंघोळीचं पाणी विहिरीतलं. बाथरूममधून बाबांचा जो आवाज आला त्यावरून आईची खात्री झाली की दोन अंश आले. मी बाहेरून ओरडतोय, बाबा हे सोलर आहे, हवामान नाही, आत बाबा थरथर कापत रामरक्षा म्हणतायत.

बाहेर आले तर अंगावर दोन स्वेटर आणि कपाळावर घाम.

बुधवारी काकांचा फोन, लॉनवाले काका. अंदाजात आता नवीन वाक्य आलं होतं, "तुरळक ठिकाणी हलक्या पावसाची शक्यता." काका बँकेतून रिटायर झालेत, त्यांना शब्दाचा नेमका अर्थ लागतो. "तुरळक म्हणजे किती?" मला माहीत होतं (नोकरीच ती). म्हटलं काका, त्या भागातल्या केंद्रांपैकी २५ टक्के किंवा त्याहून कमी ठिकाणी पडला तर तुरळक, त्याच्यावर ५० पर्यंत काही ठिकाणी, मग ७५ पर्यंत बऱ्याच ठिकाणी. काका जरा वेळ विचार करून म्हणाले, "आपलं लॉन त्या २५ मध्ये आहे की ७५ मध्ये?" मी म्हटलं ते नाही सांगता येत. "मग तुझा उपयोग काय?" त्यांनी बारा हजार रुपये मोजून मांडव घातला, त्यावर एक थेंब पडला नाही, आणि ते बारा हजार आता माझ्या खात्यावर आहेत, म्हणजे प्रत्येक घरगुती कार्यक्रमात निघतात.

रिसेप्शनचं काय सांगू. आईने सगळ्या सख्ख्या-चुलत नातेवाइकांना फोन करून आधीच सांगितलं होतं, आमच्या याने बघितलंय, कडाक्याची थंडी आहे, गरम कपडे घेऊन या. त्यामुळे ढगाळ, दमट, वारा पडलेल्या त्या संध्याकाळी निम्मं लॉन स्वेटरमध्ये, काकांनी भाड्याने आणलेले गॅसचे चार हीटर चालू, आणि नवरदेवाच्या शेरवानीतून वाफ निघायची बाकी. नवऱ्याकडच्या एका आजोबांनी विचारलं, या घरात कोणाला थंडीताप आहे का. बायकोने नवी पैठणी शालीखाली झाकून ठेवली होती, ती शाल तिने नऊ वाजता माझ्या हातात दिली, काही न बोलता. न बोलता दिली हे मुद्दाम सांगतोय, लग्न झालेल्यांना कळेल. आइस्क्रीम मात्र साडेनऊलाच संपलं.

शुक्रवारी सकाळी घरातले सगळे स्वेटर घड्या घालून परत माळ्यावर. आईने बॅगेची चेन लावताना माझ्याकडे बघून जी मान हलवली तिला शब्द नाहीत. आणि त्याच रात्री ढग गेले, वारा उत्तरेकडून सुरू झाला. तिकडे हिमालयात पश्चिमी झंझावात बर्फ टाकून पुढे सरकला की त्याच्या मागून ती कोरडी गार हवा खाली आपल्यापर्यंत येते, हे सगळं अंदाजात लिहिलेलं होतं, "त्यानंतर" या शब्दात, जो मी खारीसोबत खाल्ला होता.

शनिवारी पहाटे पाचला सगळं घर उठून बसलेलं. एकाच चादरीत मुलगा आणि बाबा. मोबाईल बघायची गरजच नव्हती, बाथरूममधल्या फडताळावरची खोबरेल तेलाची बाटली बघितली. हे आमचं घरचं वेधशाळेचं यंत्र. तसं खोबरेल चोवीस-पंचवीसच्या खाली गेलं की थिजायला लागतं, म्हणजे नोव्हेंबरपासूनच ते गढूळ असतं, पण आज बाटली उलटी करून आपटली तरी आत पांढरा दगड. शेजारी काल रात्रीचं विरजण, तेही तसंच दूध, दही व्हायचं नाव नाही. सात वाजता पाषाणहून मेसेज, "ताई, नऊ!!" आणि त्याच्या मागोमाग मामाचा फोटो, काळोखात बागेतल्या शेकोट्या रांगेने पेटलेल्या, खाली लिहिलं होतं, "तुझी थंडी पोचली." 

माझी थंडी.

मी स्टुलावर चढून माळ्यावरची बॅग परत खाली काढली. सोलरचं पाणी मात्र दुपारपर्यंत कडकडीत झालं, बाबा आंघोळ करून खूश होऊन बाहेर आले आणि म्हणाले, चला, थंडी गेली वाटतं.

आज रविवार. नवा अंदाज आलाय. खारी संपवून, पाणी पिऊन, मग वाचला, मनातल्या मनात, दोनदा. पुढचे दोन दिवस फारसा बदल नाही, त्यानंतर किमान तापमानात २ ते ३ अंशांनी वाढ. स्वयंपाकघरातून बाजरीच्या भाकरीचा वास येतोय आणि आईचा आवाज, "काय रे, काय म्हणतायत? स्वेटर ठेवून देऊ का वर?"

"ठेव," मी म्हटलं, "पण तुरळक ठिकाणी."